तुला नाही

"आई, ते काका मला म्हणाले का?"

सडबरी मागे पडून अर्धा तास झाला होता. हायवे ६९च्या दोन्ही बाजूंना फोडून काढलेला गुलाबी-करडा खडक, त्याच्या फटींतून झिरपलेलं पाणी गोठून लोंबणारं, आणि मध्ये आमची गाडी. डिकीतल्या किट बॅगमधून ओल्या हातमोज्यांचा तो ठरलेला वास पुढपर्यंत येत होता. हिवाळाभर आमच्या गाडीला आणि माझ्या ओढणीलाही हाच वास असतो. मला वाटलं होतं लेक झोपला. दहा वर्षांचा मुलगा, दोन दिवसांत आइस हॉकीच्या चार मॅचेस खेळलेला. पण तो जागा होता आणि त्याचं काहीतरी चाललं होतं मनात. मी आरशात न बघताच उत्तर दिलं. "नाही रे बाळा. तुला नाही."

"ओके," म्हणाला, आणि खरंच झोपला.

मला हलकं वाटलं. पॅरी साउंड येईपर्यंत ते हलकं वाटणंच टोचायला लागलं होतं.

झालं होतं ते इतकंच. उत्तर ऑन्टारियोतल्या एका गावातली स्पर्धा, शेवटचा पीरियड, तीन-तीन बरोबरी. समोरचा संघ जवळच्या एका फर्स्ट नेशनचा, म्हणजे कॅनडातल्या एका मूळनिवासी समाजाचा. त्यांच्यातल्या एका मुलाची वेणी हेल्मेटखालून पाठीवर आलेली होती. त्याने माझ्या मुलाच्या काठीवरून पक, ती रबरी चकती, अलगद काढून घेतला आणि गोल केला. सुंदर गोल होता, मी आमच्या बाजूला बसून मनात वा म्हटलं. तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावरचा एक गृहस्थ उभा राहिला. आमच्याच संघातल्या एका मुलाचा बाप. पहाटे सहाला सगळ्यांसाठी टिम हॉर्टन्सची कॉफी घेऊन आला होता तो. पहिल्या वर्षी स्केट्सची लेस घोट्याशी कशी आवळायची हे मला गुडघ्यावर बसून त्यानेच दाखवलं होतं. तो ओरडला, "जा परत तुमच्या रिझर्व्हवर, इंडियन!" आणि मग तोंडावर तळहात आपटून सिनेमातल्यासारखा वू-वू-वू आवाज काढला. दोघंतिघं हसले. बाकीचे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी कॉफीच्या कपात बघितलं. तळाला साखर राहिली होती.

त्या सगळ्या वाक्यातला पहिल्यांदा कानात शिरलेला शब्द होता 'इंडियन'. पाठीतून थंड शिरशिरी गेली, कारण तो सूर मी ओळखते. बसस्टॉपवर ऐकलाय, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा ऐकलाय. मग क्षणभराने उलगडलं की हा 'इंडियन' मी नाही, माझा मुलगा नाही. हे ते दुसरे. आणि माझे खांदे सैल पडले. कुणी बघितलं नसेल, पण मला ते आतून कळलं. एका दहा वर्षांच्या पोराला सगळ्यांदेखत शिवी पडली होती आणि माझ्या शरीराची पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती.

तो मुलगा फळीपाशी थांबला होता. त्याच्या संघातल्या एकानेही आमच्याकडे वळून बघितलं नाही. त्यांचा गोलकीपर गोल सोडून, एवढे जाडजूड पॅड सांभाळत, अख्खा रिंक ओलांडून आला. मग एकेक जण येऊन काठीने त्या मुलाच्या नडगीवरच्या पॅडवर हलकेच ठोकून गेला. ठप्. ठप्. ठप्. एवढ्या कल्लोळात तो बारीक आवाज मला कसा ऐकू आला कोण जाणे. समोरच्या बाकांवर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पांघरूण, गळ्यात मण्यांचं काम केलेलं पदक. त्या ओरडल्या नाहीत. थर्मासचं झाकण फिरवून त्यांनी चहा ओतून घेतला आणि आमच्याकडे बघितलं. त्या माणसाकडे नव्हे. आम्हा सगळ्यांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

'इंडियन' हा शब्द कित्येक वर्षं माझ्या पासपोर्टवर होता. ज्यांच्या माथी तो कुणाच्या तरी चुकीमुळे मारला गेला, त्यांच्यासाठी या देशात १८७६ सालापासून 'इंडियन अ‍ॅक्ट' नावाचा कायदा आहे आणि तो अजून चालू आहे. कोण इंडियन आणि कोण नाही हे सरकार ठरवतं, तसं कार्ड देतं. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. त्या स्पर्धेहून परतल्यावर रात्री जागून वाचायला लागले आणि सुरुवात झाली फ्रेड सॅसाकामूस या नावापासून. सस्कॅचवनमधल्या अताकाकूप क्री नेशनचा हा मुलगा. त्याला स्केटिंग शिकवलं त्याच्या आजोबांनी, ज्यांना ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. नातवाच्या पायात मऊ चामड्याचे मोकासिन, त्यावर बांधलेली पाती, हातात विलोच्या फांदीची काठी. आजोबा तळ्यावरचा बर्फ साफ करायचे, मासे धरायला बसायचे आणि नातू गोल गोल फिरत राहायचा. शब्दाविना शिकवणं कसं असेल याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. पडला तर 'ऊठ' म्हणायलाही आवाज नाही. नुसतं बघणं, हात पुढे करणं.

मग एक दिवस ट्रक आला आणि पोरं डक लेकच्या निवासी शाळेत गेली, मूळनिवासी मुलांना घरापासून तोडण्यासाठीच काढलेल्या शाळांपैकी एका. केस कापले, भाषा बंद. त्याच शाळेत त्याच्यावर अत्याचार झाले आणि त्याच शाळेच्या रिंकवर एका पाद्र्याने त्याला असा काही घडवला की १९५३-५४च्या मोसमात तो शिकागो ब्लॅक हॉक्सकडून एनएचएलमध्ये, नॅशनल हॉकी लीगमध्ये, उतरला. सरकारशी करार (ट्रीटी) झालेल्या मूळनिवासींपैकी पहिला. अकरा सामने खेळला. तो बर्फावर आला की शिकागोचा ऑर्गनवाला 'इंडियन' धून वाजवायचा. छातीवर संघाचं चिन्ह, तेही पिसं लावलेल्या एका इंडियन माणसाचं डोकं. स्वतःचंच मुंडकं छातीवर वागवत खेळायचं, वर लोक टाळ्या वाजवणार. पुढे त्याचं हे सगळं सोडून घरी येणं अनेकांना कोडं वाटलं. मला नाही वाटलं. बायको घरी होती, आपली माणसं घरी होती, इतक्या वर्षांनी कुठे घर परत मिळालं होतं. पुढे तो आपल्या लोकांचा चीफ झाला आणि उरलेलं आयुष्य पोरांना खेळवण्यात घातलं. नोव्हेंबर २०२०मध्ये करोनाने गेला, ८६ वर्षांचा होऊन.

एक फोटो मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. १९५१ साल. सू लुकआउटजवळच्या पेलिकन लेक निवासी शाळेतल्या मुलांचा संघ ओटावा आणि टोरॉंटोला खेळायला नेला होता, सोबत सरकारी छायाचित्रकार. संघाचं नाव, बघा, ब्लॅक हॉक्स. मुलं छान कपड्यांत, हसरी. बघणाऱ्याला वाटावं, काय सुरेख शाळा आहे, मुलांचं किती भलं चाललंय. तो फोटो काढण्याचा हेतूच तो होता. पण मी तो मोठा करून बघत बसले तेव्हा मला दिसले ते खांदे. एकमेकांना इतके चिकटलेले, की मधून वारा जाऊ नये. फोटोवाल्याने सांगितलं असेल, जवळ या म्हणून. किंवा नसेलही सांगितलं.

असे चिकटून बसलेले खांदे मी आधीही पाहिले होते.

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळांच्या क्रीडास्पर्धा व्हायच्या. मी सातवीत, खो-खोच्या संघात. उपांत्य फेरीत आमच्यासमोर आश्रमशाळेच्या मुली आल्या. टेम्पोत उभ्याने आलेल्या, अनवाणी, कुणाचा फ्रॉक गुडघ्याच्या वर, कुणाचा घोट्यापर्यंत. आमच्याकडे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, आदल्या रात्री खडूने रंगवलेले. पहिल्या डावात त्यांनी आमचा धुव्वा उडवला. तेव्हा आमच्या बाजूने सुरू झालं, "ए ठाकरणी, ए कातकरणी, जा जंगलात." कुणी सुरू केलं आठवत नाही. आमच्या बाई तिथेच होत्या, हातात शिट्टी, आणि त्या हसल्या. मीही हसले. ठाकर आणि कातकरी ही माणसांची नावं आहेत, ती शिवी म्हणून वापरता येतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी मला येत होतं. आम्ही हरलो. सामना संपल्यावर त्या मुली पिंपळाखाली एकामागे एक अशा रांगेत बसल्या आणि प्रत्येकीने पुढचीच्या वेण्या घालायला घेतल्या. धुळीने भरलेले केस, दातांत धरलेली लाल रिबीन. सगळ्यात पुढच्या मुलीच्या हाताला काम नव्हतं, ती नुसतीच गुडघ्यांभोवती हात टाकून बसली होती आणि अंतिम सामना बघत नव्हती, आम्हाला बघत होती. तीस वर्षांनी त्या थर्मासवाल्या आजींची नजर माझ्यावर आली तेव्हा ती कुठे भेटलीय हे मला लगेच कळायला हवं होतं. कळायला आठवडा लागला.

हे आठवल्यावर त्या कॉफीवाल्या माणसावर मनातल्या मनात चढवलेला माझा आवाज खाली आला. राग नाही गेला. पण त्या रागात मी एकटीच स्वच्छ उभी राहू शकेना.

२०२१चा मे आठवतो. एनएचएलमधले एडमंटन ऑयलर्स विनिपेगकडून सलग चार सामने हरून बाहेर पडले. हरले सगळे मिळून, पण त्यांच्यातल्या इथन बेअरच्या समाजमाध्यमांवर शिव्यांची रांग लागली, त्याच्या खेळाला नव्हे, त्याच्या रक्ताला. तो ओचापोवेस नेशनचा, क्री. त्याने एक व्हिडिओ करून शांतपणे सांगितलं की मी कुठून आलोय याचा मला अभिमान आहे. त्याच आठवड्यात कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात मुलांच्या २१५ संभाव्य कबरींची बातमी आली आणि शहराशहरांतल्या पायऱ्यांवर लोकांनी लहान लहान बूट मांडून ठेवले. जुलै-ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिक होतं. वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली तेव्हा ती सगळ्या देशाची मुलगी होती. चारच दिवसांनी अर्जेंटिनाकडून संघ हरला आणि रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, असं घरच्यांनी सांगितलं. बर्फावरची हॉकी आणि मैदानावरची हॉकी, दोन्हीत जिंकलं की 'आपला', हरलं की 'ते'.

पण बेअरची आठवण निघाली की मला त्या शिव्यांआधीची गोष्ट सांगावीशी वाटते. जुलै २०२०मध्ये कॅल्गरीविरुद्धच्या एका सराव सामन्यात त्याच्या जर्सीवर पाठीला नाव लिहिलेलं होतं ते क्री लिपीत. एनएचएलमध्ये असं कधी झालं नव्हतं. त्रिकोण, गळासारखी वळणं, वर बारीक खुणा. ती अक्षरं बघताना मला उगाच ओळखीची वाटली, आणि मग वाचलं की एकोणिसाव्या शतकात नॉर्वे हाउसच्या एका मिशनऱ्याने ही लिपी छापात आणली तेव्हा त्याच्यापुढे लघुलिपीबरोबर देवनागरीचा नमुनाही असावा, असं अभ्यासक म्हणतात. क्री लोकांची स्वतःची कथा वेगळी आहे. त्यांच्या कथेत मिस्तानास्कोवेव नावाच्या माणसाला ही अक्षरं वरच्या लोकातून मिळाली. मला दोन्ही गोष्टी जपून ठेवाव्याशा वाटतात. शाळेत भाषा बोलली म्हणून ज्यांच्या पाठीवर वळ उठले, त्यांच्या नातवाच्या पाठीवर तीच अक्षरं टीव्हीवर सगळ्या देशाने बघितली. घरी बसलेल्या एखाद्या आजीने ती वाचून दाखवली असतील, हे नुसतं मनात आणलं तरी माझा गळा दाटतो. माझ्या मुलाला देवनागरी वाचता येते, जेमतेम, बोट ठेवून. आता मी त्याला रविवारी बसवताना जास्त चिकाटी धरते.

वाचत गेले तसतसं दिसलं की यातल्या प्रत्येक खेळाडूच्या मागे कुणीतरी एक माणूस घट्ट उभा आहे, आणि ते नातं ठरावीक साच्यातलं नाही. गार्डन रिव्हरचा टेड नोलन. घरी नळ नव्हता, बादल्यांनी पाणी आणून त्याने अंगणात स्वतःचा रिंक गोठवला. पुढे १९९७ साली एनएचएलचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला, आणि नंतर कित्येक वर्षं त्या लीगमध्ये त्याला मुख्य प्रशिक्षकाचं काम मिळालं नाही. आज दोन्ही मुलांना बरोबर घेऊन तो गावोगावी पोरांना हॉकी शिकवतो. गोलकीपर केरी प्राइसची आई उल्काचो फर्स्ट नेशनची. सरावाचा रिंक घरापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब, म्हणून बापाने लहानसं विमान घेतलं आणि पोराला त्यातून न्यायला लागला. २०१५मध्ये मोठमोठे पुरस्कार घेताना व्यासपीठावरून तो आईच्या भाषेत बोलला. ब्रिजेट लॅकेट मॅनिटोबातल्या मॅलर्ड नावाच्या वस्तीतली. बारा वर्षांच्या आसपास असताना विनिपेगच्या एका स्पर्धेत रंगावरून शिव्या खाऊन ती रडत वडिलांकडे आली. वडिलांनी तिला बर्फावर परत पाठवलं. २०१८मध्ये तिच्या गळ्यात ऑलिंपिकचं रौप्य होतं, कॅनडाच्या महिला संघातली पहिली फर्स्ट नेशन्स मुलगी.

आणि जॉर्डिन टूटू. रँकिन इनलेटचा इनुक, म्हणजे इनुइट समाजातला, दूर उत्तरेतला, जिथे रस्ताच पोचत नाही. थोरला भाऊ टेरेन्स त्याच्या आधी त्या वाटेने निघालेला. २००२मध्ये टेरेन्सने स्वतःचा जीव घेतला. धाकट्यासाठी चिठ्ठी ठेवली होती, शेवटपर्यंत जा, घरच्यांना सांभाळ, अशा अर्थाची. पुढच्याच वर्षी जॉर्डिन नॅशव्हिलकडून एनएचएलमध्ये उतरला, पहिला इनुक. नातं माणसाला तारतं असं मी सहज लिहून जाईन, पण या चिठ्ठीपाशी अडखळायला होतं. एवढं ओझं धाकट्या भावाच्या खांद्यावर. तो पुढे दारूत बुडाला, त्यातून बाहेर आला, आणि आता त्याबद्दल मुलांशी मोकळेपणी बोलतो. ज्या दोरीने तो वर आला ती हाताला कापणारीही होती.

स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी मी संघाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. तीन दिवस लागले, हे इथे लिहून ठेवते. दोन ओळींचं उत्तर आलं, की भावनेच्या भरात पालकांकडून होतं असं कधीकधी, आम्ही बोलून घेऊ. पुढच्या शनिवारी तो गृहस्थ पुन्हा कॉफी घेऊन आला. मी नको म्हटलं. त्याला कारण कळलं असावं, कारण त्याने विचारलं नाही. त्यानंतर मोसमभर त्या बाकांवर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असायची.

मार्चच्या सुटीत आमच्या मिसिसागात लिटल एनएचएल भरली. पूर्ण नाव लिटल नेटिव्ह हॉकी लीग. १९७१मध्ये मॅनिटुलिन बेटावरच्या लिटल करंट गावी १७ संघांनी सुरू झाली, कारण बाहेरच्या स्पर्धांमध्ये या मुलांना जागा नव्हती, आणि असली तरी काय ऐकत खेळावं लागायचं ते आपल्याला आता माहीत आहे. आज दोनशेहून जास्त संघ येतात. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर हे होतं आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. मी लेकाला घेऊन गेले. आत शिरताच वाटलं आपण कुणाच्या तरी लग्नघरात आलोय. आत्या, मावश्या, चुलत-मावस भावंडांची फौज, पाठीवर आपापल्या नेशनचं नाव असलेली जाकिटं, एका टेबलावर मण्यांचे कानातले, तळणाच्या वासात मिसळलेला झांबोनीचा, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या त्या गाडीचा, ओलसर वास. गोल झाला की वरच्या रांगेतून ढोल. ज्या गोष्टीची त्या गृहस्थाने नक्कल केली होती ती खरी कशी ऐकू येते ते मला त्या दिवशी कळलं. छातीत वाजतं.

त्या वेणीवाल्या मुलाचा संघ कुठे दिसतो का बघत होते. नाही दिसला, किंवा हेल्मेटमध्ये मला ओळखता आला नाही. आम्ही जिथे बसलो तिथे शेजारी एक आजी होत्या, दुसऱ्याच कुणी, मांडीवर तसंच पांघरूण. मागून कुणीतरी पोरगं 'कोकुम', म्हणजे आजी, म्हणून हाक मारत होतं त्यांना. त्यांनी लेकाला विचारलं, तुझा भाऊ कुठल्या संघात? मी म्हटलं, आमचं कुणी नाही इथे, आम्ही नुसतं बघायला आलोय. त्यांनी मला नीट बघून घेतलं. मग कागदी रुमालात गुंडाळलेला बॅनकचा, त्यांच्याकडच्या जाड भाकरीचा, तुकडा काढून लेकाच्या हातात दिला. त्याने तो दोन घासांत संपवला.

खाली एका संघावर गोल झाला. गोलकीपर गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, लहानगा होता. पोरं एकेक करून त्याच्याकडे गेली आणि पॅडवर काठ्या ठोकून आली.

"आई, त्या दिवशीपण त्यांनी असंच केलं होतं."

त्याने बघितलं होतं तर.

"त्या दिवशी तू मला गाडीत विचारलं होतंस," मी म्हटलं, "आणि मी म्हटलं, तुला नाही."

"हो."

"मी असं म्हणायला नको होतं."

त्याने बराच विचार केला. "म्हणजे मला म्हणाले होते?"

"नाही. त्या मुलालाच म्हणाले होते."

"मग तू त्या काकांना काही का नाही बोललीस?"

"भीती वाटली मला."

"त्यांची?"

"त्यांची. आणि उद्या ते तुलाही तसंच म्हणतील, याची."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, कळलं नाही. खाली पंच पक टाकायला वाकला होता, दोन पोरं काठ्या टेकून समोरासमोर. आजींनी तिकडची नजर न काढता पांघरुणाचं एक टोक लेकाच्या गुडघ्यांवर ओढलं.